सातवा घाणा

फेल्डहोवन, ५ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुला आणि पूर्णिमामामीला नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तू व्हॉट्सॲप उघडत नाहीस, म्हणून तुझ्या अटीप्रमाणे ई-मेल, पूर्ण वाक्यांत आणि देवनागरीत.

एक तांत्रिक प्रश्न आहे. सहा महिने झाले, मी घरी आयपीए करते आहे. स्वयंपाकघरातच, वीस लिटरच्या बादलीत. आतापर्यंत सहा घाणे काढले. दर घाण्याला काहीतरी सुधारतं, पण एक गोष्ट हटत नाही, ती म्हणजे लोण्याचा वास. मला आणि आशुतोषला तो आवडतो. लोणी कढवताना घरभर सुटतो ना, अगदी तसा. इथल्या लोकांना मात्र चालत नाही. नोव्हेंबरात इथल्या क्लबच्या स्पर्धेत एका परीक्षक बाईंनी चाखून कागदावर 'बोटर' असं लिहिलं, म्हणजे लोणी. मी ते कौतुक समजून आठ दिवस फ्रिजवर लावून ठेवलं होतं. मग कळलं की त्याचेच गुण कापले होते.

तू एकतीस वर्षं पिंपरीच्या औषध कारखान्यात काढलीस. तूच सांग, कुठे चुकतंय? आठवड्याला दोन-तीन बाटल्या आम्ही संपवतो आणि बाकीच्या शेजाऱ्यांना वाटते, पण असं किती दिवस चालणार!

तुझी
चित्रा

॰

चिंचवड, ६ जानेवारी

चि. चित्रा,

हे पत्र वाचताक्षणी ती बादली झाकण लावून घराबाहेर ने. जवळपास गॅस पेटवू नकोस. उरलेलं पत्र नंतर वाच.

आता बस आणि ऐक. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. आमच्या कारखान्यात त्याचे ड्रमच्या ड्रम यायचे. त्याने टेबलं पुसतात, हात पुसतात, उपकरणं पुसतात. ते चाखत नाहीत! बाटल्या संपवता म्हणजे काय? आणि त्या डच शेजाऱ्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं? एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीला विद्यापीठात दुसरी आलेली मुलगी लोण्याच्या वासाची चिंता करते आणि आपण काय पितो याची करत नाही, हे मला समजण्यापलीकडचं आहे.

पोट दुखतं का? डोकं जड होतं का? दोघंही उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. तुझ्या मामीने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं आणि देवापुढे दिवा लावला. ती तुझ्या आईला फोन करायला निघाली होती, तिला मी थोपवून धरलंय. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर माझा नाइलाज आहे.

काळजीत असलेला,
नीळकंठमामा

॰

फेल्डहोवन, ६ जानेवारी, दुपारी दोन

मामा, मामा, मामा,

आईला फोन करू नका! आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. आशुतोष ऑफिसमध्ये तुझं पत्र वाचून एवढा हसला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्याला पाणी आणून दिलं.

माझी आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. बिअर. हॉप्स नावाची फुलं घालून केलेली, कडवट चवीची. पहिल्या पत्रात बिअर हा शब्द मी मुद्दाम टाळला, कारण मामी खांद्यावरून वाचते हे मला माहीत आहे. (मामी, नमस्कार.)

आता सगळंच सांगते. गेल्या वर्षी घरी बिअर करणाऱ्यांच्या इथल्या क्लबमध्ये एकदा सहज गेले. बघते तर काय, यीस्ट, तापमान, आम्लता, निर्जंतुक भांडी! इथे आल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा मला समजणाऱ्या भाषेत कुणीतरी बोलत होतं. डचमध्ये बोलत होते, पण तरी समजत होतं.

आणि एक पेच आहे. सासूबाई २० तारखेला तीन महिन्यांसाठी येताहेत. तुला सुरेखाताई माहीत आहेतच. कराडला त्यांच्या वॉर्डात दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं होतं, तेव्हा 'आडवी बाटली'चा प्रचार त्यांनीच केला होता. दारोदार हिंडून दुकानाला कुलूप लावलं, पेपरात फोटो आला. त्यांच्या घरात, म्हणजे माझ्या घरात, सून बिअर गाळते हे त्यांना कळलं तर काय होईल याची कल्पना कर. बादली जिन्याखालच्या कपाटात ठेवणार आहे. आशुतोष म्हणतो सांगून टाक. आई त्याची, पण सांगायचं मी!

वासाचं मात्र खरंच सांग.

निरोगी
चित्रा

॰

चिंचवड, ११ जानेवारी

चि. चित्रा,

जीव भांड्यात पडला. मामीला मी सांगितलं आहे की तू जवाचं एक औषधी पेय करतेस. आता ती आम्लपित्तासाठी कृती मागते आहे. तिचं काय करायचं ते तू बघ.

मी आयुष्यात बिअर चाखलेली नाही. पण टाकीत सूक्ष्म जीव वाढवणं हा माझा धंदा होता. त्यात एकच शत्रू असायचा, नको तो पाहुणा. एकदा ऐंशी हजार लिटरची टाकी आम्ही एका गळक्या व्हॉल्व्हपायी ओतून दिली होती. लोण्याचा वास म्हणजे विरजण, तेव्हा तुझ्या बादलीत ताकातले जंतू शिरताहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तू त्याच ओट्यावर दही लावतेस ना? हेच ते. बादली, नळी, चमचा, झाकण, सगळं नीट धू आणि माझ्या आयपीएने पूस. तुझ्या आयपीएला माझी आयपीए लागणार, असा योग आहे.

दुसरं म्हणजे वही ठेव. रोजचं तापमान, रोजची नोंद. एका वेळी एकच गोष्ट बदल. कृती तीच, मोजमाप तेच, फक्त स्वच्छता वाढव. तू विद्यार्थिनी असताना लाल शाईने रेघा मारायचीस तशी वही मला हवी आहे.

सुरेखाताईंना माझा नमस्कार सांग. बाकी त्यांना काय सांगायचं, यावर माझं मत कोणी विचारलेलं नाही, म्हणून देत नाही.

मामा

॰

फेल्डहोवन, २४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

जमलं! सातव्या घाण्याला लोण्याचा मागमूस नाही. तू म्हणालास तसं सगळं पुसून काढलं, ओट्यावरचं दही हद्दपार केलं. शनिवारी बाटली घेऊन मार्लूसकडे गेले. 'बोटर' लिहिणारी ती हीच. शेजारच्या गावात तिची लहानशी ब्रुअरी आहे. तिने एक घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि म्हणाली, "संत्र्याची साल. कडवटपणा जिथे थांबायला हवा तिथे थांबतो. हे तू केलंस?"

आणि आता खरी गोष्ट. तिच्या ब्रुअरीतल्या प्रयोगशाळेत एक जागा आहे. यीस्ट मोजायचं, नमुने तपासायचे, नोंदी ठेवायच्या, आठवड्याचे चार दिवस. मी विचारलं, माझा विचार कराल का? ती म्हणाली, "एकदा चांगली बिअर कुणालाही होते. मला हीच पुन्हा करून दाखव. सातवी आणि पुढची यातला फरक मला ओळखता आला नाही, तर जागा तुझी." एप्रिलच्या मध्यापर्यंत ती थांबणार आहे. सातव्या घाण्याच्या चार बाटल्या तिने तिच्याच फ्रिजमध्ये ठेवून घेतल्या आहेत, म्हणजे वास उडणार नाही.

मामा, सात वर्षांत मी दीडशेच्या वर अर्ज केले. आधी डच येत नाही म्हणून नकार, मग डच आलं तर मधली वर्षं रिकामी म्हणून नकार. मी पाळणाघरात काम केलं, पार्सलांवर पत्ते चिकटवले. त्याची लाज नाही. पण मला ही नोकरी हवी आहे. इतकी हवी आहे की रात्री कुशीवर वळताना तीच आठवते. हे आशुतोषलाही इतकं सरळ सांगितलेलं नाही.

आठवा घाणा केव्हाच चढवला. पण बादली आता मागच्या अंगणातल्या शेडमध्ये आहे, सायकलींशेजारी, कुलपात. आई, म्हणजे सासूबाई, झाडू घ्यायला जिन्याखालचं कपाट सारखं उघडायच्या आणि माझा जीव वरखाली व्हायचा. शेडमध्ये बादलीला गरम पट्टा बांधला आहे, बरोबर अठरा अंशांवर. कालच बाटल्या भरल्या, आता दोन आठवडे थांबायचं.

चित्रा

॰

फेल्डहोवन, ९ मार्च

मामा,

आठवा घाणा उघडला. लोणी. इतकं की पोळीला लावावं.

सगळं सातव्यासारखंच केलं होतं. तेच जवाचं माल्ट, तेच हॉप्स, तेच यीस्ट, तीच पुसापुशी. दोनदा पुसलं! मी शेडमध्ये सायकलच्या कॅरिअरवर बसून रडले. आईंनी विचारलं डोळे का लाल, तर म्हटलं कांदा. त्या म्हणाल्या, "शेडमध्ये कांदा?"

वहीच्या दोन्ही पानांचे फोटो पाठवते आहे. नवव्या घाण्यासाठी जेमतेम वेळ उरला आहे. या शनिवारी चढवला नाही तर संपलं.

चित्रा

॰

चिंचवड, १० मार्च

चि. चित्रा,

आधी कबुली. मी चुकलो. विरजणाचा आणि तुझ्या वासाचा काही संबंध नाही. एकतीस वर्षं एकच शत्रू बघितला, म्हणून सगळीकडे तोच दिसला. काल रात्री जेवण सोडून वाचत बसलो (मामी अजून बोलत नाही), त्यावरून असं दिसतं की लोण्याचा वास यीस्ट स्वतःच सोडतं. आणि शेवटी शेवटी थोडी ऊब मिळाली तर स्वतःच तो खाऊनही टाकतं. ऊब मिळाली नाही, तर काम अर्धवट टाकून झोपी जातं.

आता तुझी वही बघ. आठव्या पानावर रोज अठरा, अठरा, अठरा. सातव्या पानावर चार दिवस अठरा, पाचव्या दिवशी एकवीस, मग बावीस, बावीस, एकवीस, आणि मग परत अठरा. त्या आकड्यांपुढे तू लिहिलं आहेस, 'घरात हीटिंग वाढवलं असेल.' कोणी वाढवलं? आशुतोषला विचारून घे. वहीत लिहिलं आहेस त्याप्रमाणे सेन्सर बादलीला चिकटवलेला असतो आणि आकडा फोनवर येतो, म्हणजे तू ते चार दिवस कपाट उघडलेलंच नाहीस. सेन्सरवर विसंबणारी माणसं टाकीला हात लावून बघत नाहीत, हे मी कारखान्यात हजारदा बोललो असेन.

बादली आपण होऊन तापत नाही. तिच्यावर कुणीतरी पांघरूण घातलं होतं. घरात तिसरं माणूस कोण, ते मी चिंचवडहून सांगायला नको.

नववा घाणा अंदाजाने चढवू नकोस. कोणत्या दिवशी घातलं, किती जाड घातलं, कधी काढलं, हे त्या माणसाला विचारावं लागेल. विचारायचं म्हणजे सांगावंही लागेल. मला माहीत आहे, हे तुला जड जाणार. पण नोकरी हवी आहे ना?

मामा

॰

फेल्डहोवन, १३ मार्च

प्रिय मामा,

आशुतोषने थर्मोस्टॅटचा इतिहास काढून दाखवला. जानेवारीपासून कुणी हात लावलेला नाही. मग दोन दिवस मी नुसती आईंच्या मागेपुढे फिरले. शेवटी आज सकाळी त्या मेथी निवडत होत्या, तेव्हा समोर बसले.

"आई, जिन्याखाली एक बादली होती."

"पांढरी. झाकणाला नळी असलेली."

"तुम्ही तिच्यावर काही घातलं होतं का?"

"गोधडी. दुहेरी करून." त्यांनी मान वर केली नाही. "आधी चांगली बुडबुडत होती. पाचव्या दिवशी एकदम मंदावली. गारठली, म्हटलं. थंडीत इडलीचं पीठ असंच रुसतं."

"मग काढली कधी?"

"चार दिवसांनी, बुडबुड पुरती थांबल्यावर. पीठ फुगल्यावर कुणी पांघरूण ठेवतं का? पण पुढची बादली तू कुलपात घालून ठेवलीस. तिचं मला काही करता आलं नाही."

मामा, माझ्या लपवण्यानेच आठवा घाणा बिघडला! मी म्हटलं, "आई, त्यात बिअर होती."

तेव्हा त्यांनी मेथी खाली ठेवली. "चित्रा, मी दोन वर्षं बायका घेऊन हातभट्ट्या शोधत हिंडले आहे. दारातून आत आले तेव्हाच मला कळलं होतं."

"मग गोधडी का घातली?"

"स्वयंपाकघराच्या खणात तुझी वही सापडली. तारखा, आकडे, लाल रेघा. रिकामपणचा उद्योग करणारं माणूस एवढ्या रेघा मारत नाही. म्हटलं, पोरीची मेहनत आहे, वाया जायला नको. बाकीचं ती सांगेल तेव्हा सांगेल."

मी विचारलं, आणि आडवी बाटली? त्या म्हणाल्या, "ते दुकान शाळेच्या दारात होतं. ते मी आजही बंद करीन. तू करतेस ते मला पसंत आहे असं समजू नकोस. पण चोरून करतेस, ते त्याहून पसंत नाही."

मग मी त्यांना नोकरीचं सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "शनिवारी चढवायची ना? मग कांद्याची रड बंद कर आणि कपाट रिकामं कर."

चित्रा

॰

फेल्डहोवन, १३ एप्रिल

श्री. नीळकंठराव यांस सुरेखाचा नमस्कार.

चित्राने लिहायला सांगितलं, कारण ती स्वतः आज काही लिहिण्याच्या स्थितीत नाही, नुसती हसते आहे. मी कागदावर लिहिते आहे, आशुतोष फोटो काढून पाठवेल.

काल त्या मार्लूसबाई घरी आल्या. उंच, मोकळ्या स्वभावाच्या. थालीपीठं दोन खाल्ली, लोण्याचा गोळा मात्र बाजूला सारला. मग परीक्षा. एका वेळी तीन ग्लास भरायचे, सातव्या आणि नवव्या घाण्यापैकी एकाचे दोन आणि दुसऱ्याचा एक. वेगळा कोणता ते बाईंनी ओळखायचं. भरणाऱ्याने कुणाला सांगायचं नाही. चित्राने स्वतःचेच घाणे ओतायचे नाहीत आणि आशुतोषच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बिअर ओतली, नीळकंठराव. फेस फार आला. वेगळ्या ग्लासाच्या बुडाला मी कुंकवाचं बोट लावलं, म्हणजे माझा घोटाळा नको.

आता माझी चूक सांगते. मला वाटलं, बाईंनी बरोबर ओळखलं तर नोकरी मिळणार. परीक्षा म्हणजे बरोबर उत्तर, एवढंच मला माहीत. तेव्हा मी मदत करायचं ठरवलं. उजवीकडच्या ग्लासाकडे टक लावून बघितलं. बाई बघेनात. मी खाकरले. तरी नाही. मग मी भुवयाच उडवल्या. बाईंनी चित्राला काहीतरी विचारलं, आणि आशुतोषने मला पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं मला बरं वाटत नाही.

बाईंनी मधला ग्लास उचलला. बुडाला कुंकू नव्हतं. झालं, म्हटलं, गेली नोकरी. पुन्हा ग्लास भरले, पुन्हा चुकल्या. तिसऱ्यांदा तर मी जवळजवळ बोटच दाखवलं, तरी चुकल्या! मला इतका राग आला. एवढी मोठी ब्रुअरी चालवता आणि साधं ओळखता येत नाही?

तर बाई उठल्या, चित्राचा हात हातात घेतला आणि हसायला लागल्या. चित्रा रडायला लागली. मी आशुतोषला म्हटलं, अरे, सांग त्यांना, आणखी एक संधी द्या. तो म्हणाला, "आई, त्या चुकल्या म्हणूनच नोकरी मिळाली. दोन्ही घाणे सारखे झाले, हेच तर दाखवायचं होतं."  माझ्या भुवया त्यांना कळल्या असत्या, तर मी माझ्या हाताने सुनेची नोकरी घालवली असती.

मी प्यायले नाही. वास घेतला. संत्र्याच्या सालीचा येतो, हे खरं आहे. कराडच्या महिला मंडळात काय सांगायचं ते विमानात बसल्यावर ठरवीन. गोधडी मात्र इथेच ठेवून जाते आहे. चित्रा म्हणते तिचं आता उपकरण झालं आहे.

आपली,
सुरेखा

॰

चिंचवड, १५ एप्रिल

चि. चित्रा,

तुझ्या सासूबाईंचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मामीला एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. त्यामुळे जवाच्या औषधी पेयाचं गुपित फुटलं. ती म्हणाली, मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. या बायकांपासून काही लपवण्यात अर्थ नाही, हे तू आणि मी दोघांनीही लक्षात ठेवावं.

अभिनंदन वगैरे फोनवर झालंच. पण एक गोष्ट फोनवर बोलता आली नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या लग्नाच्या बैठकीत तुझे वडील घुटमळत होते. मुलगी तिकडे जाऊन नुसती घरात बसेल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मीच पुढे होऊन छातीठोकपणे म्हणालो होतो, "एवढी शिकलेली मुलगी, तिला तिकडे सहज नोकरी मिळेल, माझा शब्द." माझ्या शब्दावर बैठक उठली. मला हॉलंडबद्दल काही म्हणजे काही माहिती नव्हती. स्थळ चांगलं होतं, मुलगा चांगला होता, आणि मला जेवायला उशीर होत होता. तू कधी तक्रार केली नाहीस. पण पार्सलांवर पत्ते चिकटवतेस, हे तुझ्या आईकडून कळलं, त्या दिवसापासून मला तुला पत्र लिहायचा धीर होत नव्हता. जानेवारीत तू आपण होऊन प्रश्न विचारलास, तेव्हा त्या आयसोप्रोपिलच्या घाबरगुंडीतसुद्धा मला बरं वाटलं होतं. माझी क्षमा मागायची राहिली आहे, ती मागतो.

काल मामीला म्हटलं, आता माझा शब्द खरा झाला असं धरायला हरकत नाही. ती म्हणाली, "सात वर्षं उशिरा." मी म्हटलं, उशिरा तर उशिरा. पण 'सहज' हा शब्द तेवढा मी मागे घेतो.

सोमवारी रुजू होशील तेव्हा प्रयोगशाळेच्या कोटावरचं नाव नीट लिहून घे. ते लोक त्याचं काय करतील नेम नाही.

नीळकंठमामा